सिंह, हत्ती आणि आम्ही दोघी जावा

फोन वाजला तेव्हा मी भाकऱ्या करत होते. पिठाच्या हातानंच बघितलं, तर स्क्रीनवर ‘ताई’. ताई म्हणजे आमच्या मोठ्या जाऊबाई. घरं एकाला एक लागून, मधे एक भिंत, आणि तरी फोन! त्यातून अकरा वर्षांत त्यांचा मला आलेला हा तिसरा की चौथा फोन असेल. एक सासूबाई गेल्या तेव्हा, एक भाऊजी गेले तेव्हा. त्यामुळे माझ्या पोटात गोळाच आला. म्हटलं, आता काय?

ताई म्हणाल्या, “केनियाला जायचंय मला. प्राणी बघायला. पोरं एकटीला सोडत नाहीत. तू येतेस का?”

मी भाकरी तव्यावर करपवली, एवढं सांगितलं तरी पुरे.

मैत्रिणींनो, आमचं गाव तासगाव. द्राक्षं, बेदाणे आणि पाण्याची बोंब यासाठी प्रसिद्ध. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली, वय एकोणसाठ. ताई त्रेसष्टच्या. भाऊजी २०२१ साली गेले तेव्हापासून द्राक्षबाग त्याच बघतात. आमच्या मुलांनी ऐकल्यावर एकच सूर लावला, “या वयात आफ्रिका? चारधाम करा, अष्टविनायक करा.” ताईंच्या थोरल्या चिरंजीवांचं म्हणणं, “बिबट्याच बघायचा ना? मग शिराळ्याच्या उसात जाऊन बस की!” त्यावर ताई म्हणाल्या, “तिथं बिबट्या मला बघणार. मला त्याला बघायचंय.”

पैसे माझे पॉलिसीचे, त्यांचे बेदाण्याचे. माणशी पावणेतीन लाखांच्या आसपास गेले. सोनं घेतलं असतं तर कुणी विचारलंही नसतं, पण प्रवासाला एवढे म्हटल्यावर गल्लीतल्या चार जणींनी हिशेब मागितला, हेही सांगून टाकते.

तयारीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पिवळ्या तापाच्या लसीची. केनियाहून परत भारतात येताना या लसीचं पिवळं कार्ड लागतं. ते नसेल तर विमानतळावरूनच अलग ठेवू शकतात. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि एकदा घेतली की ती जन्मभर चालते. पण ती गावातल्या दवाखान्यात मिळत नाही, ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच देतात. आम्ही पुण्याला जाऊन घेतली. साठीच्या पुढच्यांना ही लस देताना डॉक्टर सगळं खोदून विचारतात, ताईंना तर अर्धा तास विचारत होते. व्हिसाची भानगड आता नाही. २०२४ च्या जानेवारीपासून केनियानं व्हिसा काढून टाकून इंटरनेटवरून आधी परवानगी घ्यायची पद्धत सुरू केली आहे. ते काम ताईंच्या नातवानं केलं.

आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या! केनियात २०१७ पासून कॅरीबॅगवर कडक बंदी आहे. ताईंनी मात्र प्रत्येक साडी वेगळ्या कॅरीबॅगमध्ये घालून, वर गाठ मारून, अशी बॅग भरली होती. मुंबईच्या विमानतळावर खाली बसून आम्ही दोघींनी चौदा गाठी सोडल्या. अकरा वर्षांत एकत्र केलेलं ते पहिलं काम.

नैरोबी मुंबईहून सहा-सव्वासहा तासांवर. घड्याळ अडीच तास मागे घ्यायचं. आमच्या गाडीत सहाजणी. आम्ही दोघी, नाशिकच्या दोन मैत्रिणी, आणि पुण्याची एक आई नि तिची मुलगी. गाडी मोठी, चढायला पाय चांगला उचलावा लागतो, आणि टप वर उचलता येतो म्हणजे उभं राहून बघता येतं. ड्रायव्हर हाच गाइड. पस्तिशीचा, हसरा, डोळ्यांत दुर्बीणच बसवलेली. आपल्या सवयीनं आम्ही त्याला ‘दादा’ म्हणायला सुरुवात केली, तर तो स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसायला लागला. स्वाहिलीत ‘दादा’ म्हणजे बहीण! आणि भावाला म्हणतात ‘काका’. झालं, मुलाच्या वयाचा तो माणूस आठ दिवस आमचा ‘काका’ झाला. तो आम्हाला ‘मामा’ म्हणायचा, म्हणजे आई. नात्यांचा असा गोंधळ मी कुठल्याच लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

पण शब्द ओळखीचे निघत गेले की परकं वाटत नाही. चहाला चाय, चपातीला चपाती, दुकानाला दुका, गाडीला गारी, लाखाला लाकी. सफारी हाही स्वाहिलीच शब्द, अर्थ नुसता प्रवास. मोंबासा रोडनं जाताना बाजूनं नवी रेल्वे दिसते, ती २०१७ ची. जुनी रेल्वे इंग्रजांनी १८९६ ते १९०१ मध्ये बांधली, तीही हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांच्या हातांनी. बत्तीस हजारांच्या आसपास माणसं नेली, बहुतेक पंजाबकडची. अडीच हजारांच्या घरात तिथंच मेली. त्सावो नदीवर पूल बांधताना १८९८ मध्ये दोन सिंहांनी महिनोन् महिने मजूर उचलून नेले, ती गोष्ट आपण सिनेमात वगैरे ऐकलेली असते. त्या मजुरांच्या मागोमाग गुजराती दुकानदार गेले, म्हणून ‘दुका’. २०१७ मध्ये केनिया सरकारनं तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशाची चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. काकाने हे सांगितल्यावर ताई खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाल्या, “त्यांच्या बायका इकडं वाट बघत बसल्या असतील.”

पहिला मुक्काम अंबोसेली. हे अभयारण्य तसं लहान, चारशे चौरस किलोमीटरच्या आतलं. पांढुरकी, खारट धूळ. ती केसांत, कानांत, भडंगाच्या डब्यात, सगळीकडे जाते. समोर किलिमांजारो, ५,८९५ मीटर उंच. तो उभा आहे टांझानियात पण दिसतो केनियातून जास्त देखणा. दिवसभर ढगात तोंड लपवून बसतो आणि पहाटे एकदम पुढ्यात. त्याच्या बर्फाचं आणि पावसाचं पाणी जमिनीखालून झिरपत येऊन अंबोसेलीत दलदली होतात. म्हणून भोवताली रखरखाट असला तरी हत्ती इथं टिकतात.

हत्ती मी सर्कशीत पाहिला होता, सांगलीच्या गणपतीचा पाहिला होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काकाने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि ओठांवर बोट ठेवलं. डावीकडून एक कळप रस्ता ओलांडायला येत होता. पुढं एक म्हातारी हत्तीण. कान फाटके, कानशिलं आत गेलेली. ती रस्त्याच्या कडेला थांबली, आमच्याकडे बघितलं, सोंड वर करून वास घेतला. तिचा विचार होईपर्यंत मागचे सगळे जागच्या जागी. मग ती निघाली, मागून बाकीच्या, त्यांच्या पोटाखालून दोन पिल्लं. एकाला सोंडेचं काय करायचं तेच कळत नव्हतं, पायात येत होती.

काका हळू आवाजात सांगत होता. या भागातल्या हत्तींचा अभ्यास १९७२ पासून अखंड चालू आहे, सिंथिया मॉस या बाईंनी तो सुरू केला. हत्तींच्या कुटुंबात कर्ती ती सगळ्यात वयस्क मादी. तिच्या बहिणी, मुली, नाती आणि त्यांची लेकरं एवढंच कुटुंब. मुलगे बारा-पंधरा वर्षांचे झाले की घर सोडून जातात. मुली जन्मभर आईजवळ.

“म्हणजे इथं मुलगा सासरी जातो?” ताईंनी विचारलं. मी भाषांतर केलं. काका म्हणाला, तसंच म्हणा.

“मग यांच्यात जावा नसतातच.” एवढं बोलून ताईंनी पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं. नाशिकच्या दोघी खो खो हसल्या. मी हसले नाही. ताईही नाही.

कर्त्या हत्तिणीला एवढा मान का, तर तिला पाणी ठाऊक असतं. टांझानियातल्या एका अभयारण्यात १९९३ साली मोठा दुष्काळ पडला. तेव्हा ज्या कळपांना म्हाताऱ्या माद्या होत्या ते अभयारण्य सोडून बाहेर पाण्याच्या शोधात गेले आणि त्यांची पिल्लं जास्त वाचली. वयानं लहान माद्यांचे कळप जागीच राहिले. तो जुना दुष्काळ त्यांनी पाहिलाच नव्हता, मग कुठं जायचं ते कळणार कसं? अगदी अलीकडे, २०२२ च्या दुष्काळात केनियात दोनशेहून जास्त हत्ती मेले. काका म्हणाला, तेव्हा या रस्त्यानं यायला नको वाटायचं.

त्या रात्री जेवताना ताई आपण होऊन बोलल्या. बहात्तरच्या दुष्काळात त्या अकरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या आजीनं गोठ्यातली जनावरं सोडली, सगळी नातवंडं गोळा केली आणि चालत कृष्णाकाठी आपल्या माहेरी नेली. कुणाला विचारलं नाही. तिथं सहा महिने ठेवलं. “आजीला ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. मी त्यांची धाकटी जाऊ होऊन चौतीस वर्षं झाली, ही गोष्ट मला माहीत नव्हती.

आता जरा नाजूक विषय. टूरच्या जाहिरातीत हा कधी नसतो.

सफारीला पहाटे सहाला बाहेर पडायचं ते तीन-चार तासांनी परत. कधी जेवणाचा डबा घेऊन दिवसभर. मधे गाडीतून खाली उतरायचं नाही असा नियम, आणि तो बरोबरच आहे, गवतात कोण बसलंय दिसत नाही. मग बाथरूमला जायचं कुठं? आमच्या टूर कंपनीच्या बाईंनी निघताना प्रेमळ सल्ला दिला होता, “पाणी जरा बेतानंच प्या.” आपल्याला तर याची सवयच. शाळेत तीस वर्षं मी तेच केलं, आमच्या शाळेत बायकांसाठी धड संडास नव्हता तोवर सकाळी अर्धा कप चहावर बसची वाट धरायची. इथंही तसंच केलं. चार दिवस घसा कोरडा पडला की तोंडात खडीसाखर टाकायची. ताईंचं उलट. त्या सरळ काकाला करंगळी दाखवायच्या.

आणि गंमत म्हणजे त्याला यात काहीच अवघड वाटत नव्हतं. तिकडं याला म्हणतात ‘टायर चेक करणं’. तो मोकळी जागा बघायचा, जिथं गवत आखूड आणि लांबपर्यंत दिसतं, गाडीभोवती एक चक्कर मारून यायचा आणि मग स्वतः पुढं बॉनेटकडं तोंड करून उभा राहायचा. बाई गाडीच्या मागे. ताईंचं म्हणणं असं, की या कामाला साडीसारखा सोयीचा पोशाख नाही. आडोसा आपला आपल्याबरोबरच असतो. पुण्याची मुलगी जीन्स घालून कासावीस व्हायची, तिला ताईंनी आपली जुनी ओढणी दिली.

मी मात्र लाजत राहिले. त्याचं फळ पुढं मिळालं.

मधले दोन दिवस नैवाशा आणि नाकुरूचे. वाटेत रिफ्ट व्हॅलीचा घाट. जॉर्डनपासून मोझांबिकपर्यंत जमिनीला पडलेली ही भेग. कड्यावरून खाली बघितलं की पोटात खड्डा पडतो. घाटातच रस्त्याकडेला एक इवलंसं देऊळवजा चर्च आहे, दुसऱ्या महायुद्धात रस्ता बांधायला आणलेल्या इटालियन युद्धकैद्यांनी १९४२ साली बांधलेलं. थोडी माणसं बसली की भरेल एवढं.

नाकुरूबद्दल माझी निराशा झाली, ती लपवत नाही. लहानपणी भूगोलाच्या पुस्तकात, मग टीव्हीवर, नाकुरूचं तळं म्हणजे गुलाबी चादर. लाखोंनी फ्लेमिंगो. आम्हाला दिसले ते दूरवर थोडेसे. पाण्यात वाळलेली झाडं खांबांसारखी उभी. गेल्या दहा-बारा वर्षांत रिफ्टमधल्या या तळ्यांचं पाणी खूप वाढलं आहे. अभयारण्याचं जुनं मुख्य गेटच पाण्याखाली गेलं. पाणी वाढलं तसा त्याचा खारेपणा उतरला, आणि फ्लेमिंगोंचं जे शेवाळ खाणं असतं ते खाऱ्या पाण्यातच वाढतं. मग ते दुसऱ्या तळ्यांकडं गेले. आमच्याकडं पाणी नाही म्हणून माणसं जातात, इथं पाणी जास्त झालं म्हणून पक्षी गेले. गेंडे मात्र भरपूर दिसले, काळे आणि पांढरे दोन्ही. दोघांचाही रंग करडाच! फरक ओठांचा. पांढऱ्याचा ओठ गवत खायला रुंद, काळ्याचा पाला ओढायला टोकदार.

नैवाशाहून मसाई मारा पाच-सहा तास. नारोक गावापर्यंत मी गप्प बसून होते. ओटीपोटात दुखत होतं, लघवीला आग, आणि मधेच थंडी वाजायला लागली. भर दुपारी विषुववृत्ताच्या देशात मी शाल पांघरून बसलेली. पार्कच्या आतल्या रस्त्यावर गाडी उड्या मारते, त्याला तिथले ड्रायव्हर हसत हसत ‘आफ्रिकन मसाज’ म्हणतात. त्या मसाजानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ताईंनी कपाळाला हात लावला आणि पुढं वाकून काकाच्या खांद्यावर थोपटलं. मराठीतच म्हणाल्या, “काका, हिला ताप आहे.” त्याला ते कळलं.

कॅम्पवर तंबू होता, पण तंबू म्हणजे आतमध्ये पलंग, गरम पाणी, सगळं. कॅम्पवाल्यांनी जवळच्या दवाखान्यातून एक नर्सबाई बोलावल्या. त्यांनी लघवी तपासली, इन्फेक्शन निघालं, गोळ्या दिल्या आणि एकच प्रश्न विचारला, दिवसाला पाणी किती पिता? मी बोटांनी दाखवलं. त्यांनी आपलं डोकं धरलं. मग गाडीतून माणसं उतरवत नाही का तुमचा ड्रायव्हर, असं रागानं विचारलं. मी म्हटलं, उतरवतो हो, मीच उतरत नाही.

दुसऱ्या दिवशीची सफारी माझी बुडाली. त्या दिवशी सिंहिणींचा अख्खा कळप दिसला म्हणे, अकरा की बारा. पण ताईही गेल्या नाहीत. मी हज्जार वेळा सांगितलं, तुम्ही जा, एवढे पैसे भरलेत, दिवसाचं नुसतं पार्कचं तिकीटच शंभर डॉलर. तिकीट टूरच्या पैशातच धरलं होतं, जुलै ते डिसेंबर ते दोनशे होतं. त्या म्हणाल्या, “सिंह काय पळून जातोय?” आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी करून तासातासाला पाजत राहिल्या.

रात्री एक फजिती झाली होती, ती आधी सांगते. मारा उंचावर आहे, रात्री चांगलीच थंडी असते. ताई अंथरुणात शिरल्या आणि किंचाळून बाहेर. “काहीतरी आहे! ऊन ऊन आणि मऊ आहे!” बाहेरचा राखणदार भाला घेऊन धावत आला. ती निघाली गरम पाण्याची रबरी पिशवी. पाहुण्यांना ऊब मिळावी म्हणून कॅम्पवाले पांघरुणात ठेवतात. तापातसुद्धा मी एवढी हसले की बरगड्या दुखल्या.

दुपारी तंबूच्या पुढ्यात खुर्च्या टाकून बसलो होतो. खाली नदीत पाणघोडे डुंबत होते, म्हशी रवंथ करता करता घोरतात तसा आवाज. आणि तिथं, घरापासून पाच हजार किलोमीटरवर, घराचा विषय निघाला.

घर वाटलं गेलं २०१२ साली. भिंत आली. भांडण जमिनीचं नव्हतं, पैशाचंही फारसं नव्हतं. तसं बघितलं तर सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ हे निमित्त. ताई म्हणाल्या, “घंगाळाचं मला कधीच काही नव्हतं. पण तू न विचारता नेलंस ते लागलं.”

मी म्हटलं, “मी कुठं नेलं? ते तुमच्याकडं आहे.”

“माझ्याकडं?”

बराच वेळ पाणघोडेच बोलत होते. मग आम्हा दोघींच्या एकदमच लक्षात आलं. सासूबाईंना मुलगी एक. आणि वाटणीच्या आधी आठवडाभर वन्सं येऊन राहून गेल्या होत्या, जाताना जीप करून.

अकरा वर्षं! मी म्हटलं, फोन लावू का आत्ता? ताई म्हणाल्या, “राहू दे. आईनं लेकीला दिलं असेल. हत्तीचंच कुटुंब ते.”

सगळं असं हसण्यावारी गेलं नाही. भाऊजी दवाखान्यात होते तेव्हा मी गेले नाही. कोरोनाचे दिवस, ह्यांना मधुमेह, भीती होती हे खरं. पण नंतरही भिंतीपलीकडं जाऊन बसले नाही, दिवसांपुरती गेले आणि आले, ते भीतीनं नव्हे. तोंड दाखवायची लाज, आणि थोडा ताठा. मी ते सांगितलं. ताई म्हणाल्या, “ते मी विसरायची नाही. विसरले म्हटलं तर खोटं होईल.” मग उठून माझ्या ग्लासात पाणी ओतलं आणि म्हणाल्या, “पी.”

संध्याकाळी मसाई लोकांच्या वस्तीवर गेलो. अशा भेटींबद्दल माझ्या मनात शंका होत्या, अजून आहेत. माणसांची घरं तिकीट काढून बघायची म्हणजे कसंतरीच वाटतं. उड्यांचा नाच झाला, आग पेटवून दाखवली. पण नंतर एका बाईनं आम्हाला आत नेलं. मसाईंत घर बांधायचं काम बायकांचं. काटक्या, माती आणि शेण. दार एवढं बुटकं की वाकूनच जावं लागतं, आत चूल आणि काळोख. ताईंनी भिंतीवरून हात फिरवला, नखानं एक पोपडा काढून बघितला आणि मला म्हणाल्या, “शेणात राख मिसळत नाहीत वाटतं.” त्या बाईला खुणेनं सारवायची कृती करून दाखवली. बाई हसत सुटली, शेजारणींना बोलावून आणलं. मग पाच-सहाजणी आणि ताई, कुणाची भाषा कुणाला कळत नाही, आणि शेणाच्या भिंतीवर परिसंवाद. तिकीट वसूल झालं ते इथं. मण्यांच्या माळा घेतल्या तेव्हा काकाने आधीच बजावलं होतं, पैसे म्होरक्या पोराच्या हातात देऊ नका, जिनं माळ ओवली तिच्याच हातात द्या.

एक खुलासा करायला हवा. मारा म्हटलं की नदी ओलांडणाऱ्या लाखो विल्डबीस्टची चित्रं डोळ्यांपुढं येतात. ते बघायचं तर जुलै ते ऑक्टोबरमध्ये जावं लागतं. आम्ही फेब्रुवारीत गेलो, तेव्हा ते कळप दक्षिणेला टांझानियात सेरेंगेटीकडं असतात, पिल्लं होण्याचा त्यांचा हंगाम असतो. आम्हाला थोडेफार दिसले. पण गर्दी कमी, भाव निम्मे. कुणी सांगितलं नाही असं व्हायला नको म्हणून लिहिलं.

शेवटची सकाळ. मला बरं वाटत होतं. रेडिओवर काहीतरी कुजबुज झाली आणि काकाने गाडी वळवली. चित्तीण आणि तीन पिल्लं, वाळवीच्या वारुळावर बसलेली. बिबट्या वेगळा, चित्ता वेगळा, हे आपल्याकडं सतत गल्लत होतं. चित्ता सडपातळ, डोळ्यांपासून तोंडापर्यंत अश्रू ओघळल्यासारख्या काळ्या रेघा. आपल्या देशातून तो संपल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये आफ्रिकेतून आणून कुनोत सोडले, ते तुम्ही वाचलंच असेल.

पाहता पाहता गाड्या जमल्या. मी मोजल्या, अठरा. एका प्राण्याजवळ पाचापेक्षा जास्त गाड्या नकोत असा नियम आहे, पण तो पाळतंय कोण! लांब हरणांचा कळप चरत होता. चित्तीण उठली, त्या दिशेला निघाली, की दोन गाड्या पुढं जाऊन आडव्या. ती थांबली. बसली. परत उठली. परत तेच. पिल्लांची पोटं आत गेलेली दिसत होती. माऱ्यातल्या चित्त्यांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हेच निघालं. जिथं पर्यटक जास्त तिथं चित्तिणींची पिल्लं मोठी होण्याचं प्रमाण फार कमी.

नाशिकच्या मैत्रिणींपैकी एक म्हणाली, “काका, पुढं घ्या ना! फोटोच येत नाहीये. टिप देतो जास्तीची.” काका काही बोलला नाही. मागे वळून आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. त्याचीही अडचण होती. पाहुणे नाराज झाले तर टिप जाते आणि वर तक्रारही होते.

खरं सांगते, मलाही पुढं जायचं होतं. आदला दिवस बुडाला होता. मी गप्प बसले.

ताई उभ्या राहिल्या. “काका, मागं घ्या. तिला पोरांना खायला घालायचंय.” मग मराठीत पुन्हा, आमच्यासाठी, “घरात लेकरं उपाशी आणि दारात अठरा पाहुणे फोटो काढायला बसलेत, असं झालं तर तुम्ही काय कराल?”

“अहो, आपण लाखो रुपये भरलेत,” नाशिककर म्हणाली. यात काही चूक होतं असं मला त्या क्षणी वाटलं नाही. पुण्याची मुलगी म्हणाली, मागे घ्या. मग तिची आई. मग मी. काकाने गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि लांब एका झाडाखाली नेऊन उभी केली. आमची एक गेली म्हणून बाकीच्या सतरा हलल्या, असं काही घडलं नाही. दुर्बिणीतून फक्त गाड्यांचे टप दिसत होते. तिला शिकार मिळाली की नाही ते आम्हाला कळलं नाही. नाशिकची मैत्रीण जेवणापर्यंत आमच्याशी बोलली नाही. जेवताना तिनंच ताईंना लोणचं वाढलं, पण चित्त्याचा विषय काढला नाही.

नैरोबीच्या विमानतळावर काकाने आम्हा सगळ्यांच्या बॅगा उतरवल्या. ताईंनी उरलेला भडंगाचा डबा त्याच्या हातात दिला आणि खुणेनं सांगितलं, तिखट आहे. तो म्हणाला, “असांते, मामा.”

मुंबईत पहाटे उतरलो. पिवळी कार्डं तपासायच्या रांगेत उभे राहिलो. दोघींची कार्डं माझ्या पर्समध्ये होती, ताईंनी निघतानाच माझ्याकडं दिलेली. काउंटरवरच्या बाईंनी ती शेजारी शेजारी ठेवली, आडनाव एकच बघून विचारलं, “बहिणी का?”

“जावा,” मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडं पाहिलं. “जावा? आणि दोघीच फिरायला?”

“हो,” ताई म्हणाल्या, “आणि आता हिला बाथरूमला जायचंय. जरा लवकर बघता का?”